नऊ एकांचा वर्ग

प्रिय माधव,

सप्रेम नमस्कार.

१२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या देखणी आहे खरी, पण देखणेपणापलीकडे तिच्यात काय आहे, असे तू मागच्या पत्रात विचारले होतेस. काल रात्री चौकटीच्या वहीत ती मांडून पाहिली, आणि तेव्हापासून तुला कधी लिहितो असे झाले आहे.

ही संख्या म्हणजे १११११११११ चा वर्ग. शाळेत शिकलो तसा गुणाकार मांड: नऊ एकांची एक ओळ, तिच्याखाली एक घर डावीकडे सरकवून तीच ओळ, अशा नऊ ओळी. उजव्या टोकाच्या रकान्यात एकच एक येतो, पुढच्यात दोन, मग तीन, असे करत मधल्या रकान्यात नऊ येतात आणि तिथून उतरण लागते. कुठलीच बेरीज नवापुढे जात नसल्याने हातचा घ्यावा लागत नाही, आणि दोन्ही बाजूंनी सारखीच वाचता येणारी ही संख्या आपोआप उभी राहते. वहीत एक्क्याऐंशी एक लिहिले होते. हातचा नसल्यामुळे त्यांतला एकही हरवला नाही, म्हणून उत्तरातील अंकांची बेरीजही ८१ भरते.

आता १११११११११ ला ९ ने भाग जातो, तेव्हा तिच्या वर्गाला ८१ ने जाणारच. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्यांना देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी ‘हर्षद’ म्हटले. १२१, १२३२१ या कुळाला त्यांनी दिलेले ‘डेम्लो’ हे नाव ज्या स्टेशनावर ती कल्पना सुचली त्याचे. ते स्टेशन म्हणजे आजचे डोंबिवली. या कुळातल्या पहिल्या नऊ संख्यांत हर्षद तीनच निघतात: १, १२३२१ आणि आपली ही. मला तिचा हा गुण देखणेपणाहून मोठा वाटतो.

तिचे मूळ अवयव ३, ३७ आणि ३३३६६७ एवढेच. पहिल्याचा चौथा घात, उरलेल्या दोघांचे वर्ग. त्यामुळे विभाजक ४५ होतात, आणि स्वतःला वगळून त्यांची बेरीज संख्येच्या निम्म्याहून थोडीच अधिक भरते. ‘लीलावती’तील स्थाननामे लावली, तर डावीकडचा एक ‘मध्य’ या स्थानी बसतो. शेवटचे ‘परार्ध’ एकच घर पुढे राहते.

मग दहा एकांचा वर्गही केला. मधल्या रकान्यात दहा झाले, शून्य मांडून हातचा एक घेतला. तो शेजारच्या नवांत मिळून पुन्हा दहा, पुन्हा शून्य. उत्तर आले १२३४५६७९००९८७६५४३२१. शंभर एक मांडूनही अंकांची बेरीज ८२ च भरली, कारण प्रत्येक हातच्यात दहाचा एक होऊन नऊ गेले, आणि हातचा दोनदा आला होता. ते पान तसेच ठेवले आहे. दिवाळीत येशील तेव्हा दाखवीन.

तुझा,
वसंत