पहिल्या पिशवीआधीचा नमुना

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. सिकलसेल तपासणीच्या शिबिरांच्या बातम्या आपल्या दैनिकात नियमित येतात. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले गेले, आणि विदर्भासाठी ते किती मोलाचे आहे हे वेगळे सांगायला नको. मात्र रुग्ण सापडल्यानंतर, त्याला आयुष्यात पहिल्यांदा रक्त चढवले जाते त्याच्या आधीच्या तासाभरात, त्याच्या स्वतःच्या रक्ताचा एक नमुना वेगळा काढून ठेवण्याचे साधे काम आपल्याकडे वारंवार राहून जाते. नागपुरातील प्रयोगशाळांत तेवीस वर्षे रक्ताचे नमुने हाताळल्यामुळे त्याविषयी लिहिणे मला कर्तव्य वाटते.

‘रक्तगट जुळला’ असे आपण म्हणतो तेव्हा ए, बी, ओ आणि आरएच डी (पॉझिटिव्ह की निगेटिव्ह ते ठरवणारे प्रथिन) एवढेच जुळलेले असते. तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर याखेरीज कितीतरी प्रथिने असतात. ग्लायकोफोरिन ए हे प्रथिन एकेका पेशीवर दहा लाखांच्या घरात असते, तर आरएच डीच्या जागा साधारण दहा ते तीस हजारच असतात. नेहमीच्या चाचणीत प्रतिपिंड (शरीर परक्या घटकाविरुद्ध बनवते ती, त्यालाच चिकटणारी प्रथिने) असलेले सीरम घालून गुठळी होते की नाही ते पाहतात. फ्लोरोसेंट प्रतिपिंडांची रीत वेगळी आहे. ठरावीक प्रथिनालाच चिकटणाऱ्या प्रतिपिंडाला चमकणारा रंग जोडलेला असतो. पेशी एकेक करून निळ्या लेसरसमोरून जातात आणि जिच्यावर ते प्रथिन आहे ती पेशी हिरवी उजळते. काही मिनिटांत हजारो पेशी मोजल्या जातात आणि त्यांपैकी किती उजळल्या, किती अंधुक राहिल्या, किती मुळीच उजळल्या नाहीत, हे पडद्यावर दिसते. त्यातही हात बसावा लागतो. ग्लायकोफोरिनचा प्रतिपिंड थोडा जास्त पडला की पेशी एकमेकींना चिकटतात आणि मोजणीच बिघडते, म्हणून त्याचे प्रमाण आधी पातळ करत करत ठरवून घ्यावे लागते.

पण यंत्र कितीही चांगले असले तरी ते नळीत जे आहे तेच मोजते, आणि रक्त चढवल्यानंतर नळीत दोन माणसांच्या पेशी असतात.

काही वर्षांपूर्वी भंडारा जिल्ह्यातील एकोणीस वर्षांच्या मुलीचा नमुना आमच्याकडे आला होता. सकाळची लघवी काळसर होत होती, हिमोग्लोबिन उतरत होते, आणि आमच्यापर्यंत येईतो दुसरीकडे तिला चार पिशव्या लागून झाल्या होत्या. पीएनएच या तांबड्या पेशी फुटण्याच्या दुर्मीळ आजाराची शंका होती. या आजारात पेशींवरची सीडी ५५ आणि सीडी ५९ ही संरक्षक प्रथिने नाहीशी होतात आणि शरीराचीच कॉम्प्लिमेंट यंत्रणा (रोगजंतू मारणारी रक्तातली प्रथिने) त्या पेशी फोडते. सीडी ५९चा आलेख पडद्यावर आला तेव्हा उजवीकडे उजळलेल्या पेशींचा मोठा डोंगर होता आणि डावीकडे लहानसा उंचवटा. त्या डोंगरातल्या किती पेशी तिच्या आणि किती रक्तदात्यांच्या, हे सांगण्याचा मार्ग नव्हता. पहिल्या पिशवीच्या क्रॉसमॅचसाठी, म्हणजे दात्याचे रक्त जुळते का ते पाहण्यासाठी, पाठवलेला नमुना मिळेल म्हणून रक्तपेढीत फोन केला. त्यांनी तो नियमाप्रमाणे सात दिवस फ्रिजमध्ये राखला होता. आमचा फोन नवव्या दिवशी गेला. पुढे पांढऱ्या पेशींवरून निदान झाले, तेच अधिक भरवशाचे असते हेही खरे, परंतु तिच्या स्वतःच्या तांबड्या पेशींपैकी किती पूर्णपणे उघड्या पडल्या आहेत हे त्या वेळी कळू शकले नाही. जांभळ्या झाकणाची दोन मिलिलिटरची एक नळी आधी बाजूला ठेवली असती तर ते कळले असते.

सिकलसेल आणि थॅलेसेमियाच्या मुलांचे नुकसान याहून मोठे आहे, कारण त्यांना पुन्हापुन्हा रक्त लागते. ज्या मुलाच्या पेशींवर स्मॉल सी किंवा बिग ई (आरएच कुळातलीच आणखी प्रथिने) नाही, त्याला ते असलेले रक्त मिळत गेले तर त्याच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंड तयार होऊ शकतात आणि मग जुळणारी पिशवी शोधताना आईबाप या रक्तपेढीतून त्या रक्तपेढीत फिरत राहतात. पहिल्या पिशवीआधी बिग सी, स्मॉल सी, बिग ई, स्मॉल ई आणि केल (आणखी एक रक्तगट) एवढे तपासायला लेसरचे यंत्रही लागत नाही, साधे सीरम पुरते. नंतर मात्र दात्याच्या पेशी रक्तात महिनोन्‌महिने राहत असल्यामुळे शेवटच्या पिशवीनंतर तीन महिने थांबावे लागते, आणि दर महिन्याला रक्त लागणाऱ्या मुलाच्या बाबतीत ते तीन महिने कधीच येत नाहीत. मग फ्लोरोसेंट प्रतिपिंड वापरूनही त्या सरमिसळीतून फार तर अंदाज बांधता येतो, नाहीतर जनुकीय चाचणीकडे जावे लागते.

आरएच निगेटिव्ह मातांच्या बाबतीतही वेळेचाच प्रश्न आहे. बाळाच्या किती पेशी आईच्या रक्तात उतरल्या यावर अँटी-डीची, म्हणजे आईच्या शरीरात त्या पेशींविरुद्ध प्रतिपिंड तयार होऊ नयेत म्हणून द्यायच्या इंजेक्शनची, मात्रा ठरते. या पेशी मोजणारी क्लायहाउअर चाचणी गर्भ-हिमोग्लोबिन (बाळाच्या पेशींतले हिमोग्लोबिन) पाहते. आपल्याकडच्या सिकलसेलच्या रुग्णांत ते मुळातच बरेच असते, त्यामुळे आईच्याच पेशी बाळाच्या म्हणून मोजल्या जाण्याचा धोका असतो. फ्लोरोसेंट अँटी-डीने आरएच पॉझिटिव्ह बाळाच्याच पेशी उजळतात, म्हणून अशा मातेसाठी तीच रीत योग्य ठरते. पण नमुना प्रसूतीनंतर आणि अँटी-डीचे इंजेक्शन देण्यापूर्वी घेतलेला हवा. इंजेक्शन ७२ तासांच्या आत द्यायचे असते आणि त्यात हयगय नको, मात्र सुई टोचण्याआधी एक नळी भरून घ्यायला दोन मिनिटेच लागतात.

यात नागपूरच्या उन्हाचीही भर पडते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेलेला असताना बसच्या टपावरून आलेल्या नमुन्यातल्या पेशी फुटलेल्या निघतात, आणि थेट बर्फावर ठेवलेल्या नमुन्यातल्याही फुटतात. नळी आणि बर्फ यांच्यामध्ये कापडाची घडी हवी. रंग जोडलेल्या प्रतिपिंडांच्या कुप्याही दोन ते आठ अंशांत, अंधारात ठेवाव्या लागतात. आम्ही त्या चांदीच्या कागदात गुंडाळत असू.

माझी विनंती एवढीच आहे. नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांतील प्रत्येक रुग्णालयाने रक्ताच्या मागणीपत्रावर ‘चढवण्यापूर्वीचा नमुना वेगळा राखला’ अशी एक ओळ छापावी, त्याखाली परिचारिकेची सही आणि वेळ घ्यावी, आणि सिकलसेल, थॅलेसेमिया किंवा कारण न समजलेला पांडुरोग असेल तर रक्तपेढीने तो नमुना सात दिवसांनी टाकून न देता निदान हाती येईपर्यंत जपावा. आपल्या दैनिकाने ही सूचना आरोग्य विभागापर्यंत पोहोचवावी.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, नागपूर