कार्थेजच्या नाण्यांचा कस

प्रति,
संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला कार्थेज या उत्तर आफ्रिकेतल्या प्राचीन शहरावरचा लेख वाचला. इ. स. पू. १४६ मध्ये रोमनांनी शहर जाळले आणि जमिनीत मीठ पेरले, असे त्यात शेवटी म्हटले आहे. शहर जाळले आणि उरलेली माणसे गुलाम म्हणून विकली, हे खरे. मिठाची गोष्ट मात्र प्राचीन काळच्या एकाही लेखकाने लिहिलेली नाही, ती फार नंतर चिकटली. तेवढी दुरुस्ती जरूर छापावी. पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. पानभर लेखात कार्थेजचा सेनापती हॅनिबल आहे, हत्ती आहेत, आल्प्स आहे. कार्थेजची नाणी एका ओळीतही नाहीत.

मी कराडात सराफी करतो. दुकान वडिलांपासूनचे. अकरा वर्षांपूर्वी भाच्याने लंडनहून कार्थेजचे एक काशाचे नाणे आणून दिले, रीतसर पावतीसह. तेव्हापासून या शहराबद्दल मिळेल ते वाचतो आहे. नाणे आपल्या रुपयापेक्षा लहान, वजन पाच ग्रॅमच्या आतबाहेर. एका बाजूला डावीकडे पाहणारी देवी. दहापट भिंगाखाली धरले की तिच्या केसांत खोवलेल्या धान्याच्या लोंब्या दिसतात, कानातला डूल दिसतो. दुसऱ्या बाजूला उभा घोडा आणि त्याच्यामागे खजुरीचे झाड. खजुरीला ग्रीक भाषेत ‘फिनिक्स’ म्हणत आणि कार्थेजचे लोक मूळचे फिनिशियन (आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरचे), म्हणजे झाडातून नावच सांगितले आहे, असे अभ्यासक मानतात. देवीला कोणी कार्थेजची देवी तानित म्हणतात, कोणी ग्रीकांची धान्यदेवी डिमिटर हिची मुलगी. इ. स. पू. ३९६ मध्ये कार्थेजच्या फौजेने सिसिली बेटावरच्या सिराक्यूज या ग्रीक शहराजवळचे या मायलेकींचे देऊळ लुटले, पाठोपाठ छावणीत रोगराई पसरली, आणि मग कार्थेजने त्यांचीच पूजा आपल्या शहरात सुरू केली. हे वाचल्यापासून त्या लोंब्यांकडे मी वेगळ्या नजरेने पाहतो.

एवढे मोठे व्यापारी शहर, पण शेकडो वर्षे स्वतःचे नाणे न पाडता चालले. पहिली नाणी पडली ती इ. स. पू. पाचव्या शतकाच्या अखेरीस, सिसिलीतल्या लढायांसाठी, भाडोत्री सैनिकांचा पगार भागवायला. काहींवर तर प्युनिक, म्हणजे कार्थेजच्या लिपीत ‘छावणी’ असाच शब्द आहे.

आता धातूकडे येतो, कारण ते माझे काम. इ. स. पू. चौथ्या शतकात कार्थेजचे सोन्याचे नाणे सुमारे ९.४ ग्रॅमचे आणि चांगल्या कसाचे होते. पुढे सोन्यात चांदी मिसळू लागले, आणि रोमशी पहिले युद्ध (इ. स. पू. २६४ ते २४१) लांबले तसा कस उतरत गेला. त्या वर्षांतली नाणी ओळीने मांडलेले छायाचित्र माझ्याकडे आहे. पिवळा रंग फिका पडत जातो तो सांगावा लागत नाही. कार्थेज युद्ध हरले. रोमला ३,२०० टॅलेंट (एक टॅलेंट म्हणजे सुमारे २६ किलो) चांदी दहा वर्षांत द्यायची होती, सैनिकांचा पगार थकला होता. प्रत्येकाच्या हातावर एकेक सोन्याचे नाणे ठेवून त्यांना सिक्का या गावी पाठवून दिले. बाकीच्या रकमेत घासाघीस सुरू झाली, तेव्हा ते उलटले.

या बंडखोर सैनिकांना लिबियातली, म्हणजे कार्थेजच्या ताब्यातल्या आसपासच्या मुलखातली, गावेच्या गावे येऊन मिळाली. युद्धाच्या काळात कार्थेजने तिथल्या शेतकऱ्यांकडून निम्मे पीक नेले होते. पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने लिहून ठेवले आहे की बायकांनी काही लपवून न ठेवण्याची शपथ घेतली आणि अंगावरचे दागिने उतरवून बंडासाठी दिले. चाळीस वर्षे मी मोडीला आलेले दागिने तोलतो आहे. अडचणीच्या वेळी बाई पाटली काढून काउंटरवर ठेवते तेव्हा तिचा हात कसा थांबतो, ते मला माहीत आहे. त्या ओळी वाचून दुकान बंद केल्यावरही मी बराच वेळ बसून होतो.

बंडखोरांनी स्वतःची नाणी पाडली. ग्रीक अक्षरांत ‘लिबियनांचे’ असा मजकूर, एका बाजूला ग्रीक वीर हेराक्लीस, दुसऱ्या बाजूला सिंह. त्यांतली पुष्कळशी कार्थेजच्याच नाण्यांवर नवा ठसा मारून केलेली आहेत. त्या काळच्या काही नाण्यांत संशोधकांना तांब्यात सोमल (आर्सेनिक) मिसळलेला आढळला. सोमलाने तांबे पांढुरके होते, चांदीसारखे दिसते. कोणीतरी रात्री मुशीसमोर बसून हे केले असणार.

हे वाचकांना परके वाटू नये. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये क्षत्रप राजा नहपानाची १३,०००हून जास्त चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या बहुतेकांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला आहे. हरलेल्याचे नाणे न वितळवता त्यावरच आपले चिन्ह उठवायचे, हे आपल्याकडेही झाले.

म्हणून विनंती अशी की या विषयावर पुन्हा लेख आला तर त्यात नाण्यांना निदान एक चौकट द्यावी. माझ्या नाण्याच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. जागा एकाचीच असेल तर देवीची बाजू छापावी. लोंब्या दिसाव्यात म्हणून ती तिरप्या उजेडात काढली आहे.

आपला,
एक सराफ, कराड