नोर्चाच्या भिंती आणि तुझा स्लॅब

पेरुजा, इटली

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

वाड्याचं माळवद उतरवून स्लॅब टाकायचं ठरलंय, सेंट्रिंगवाल्याला इसारही दिलाय, हे तुझ्या पत्रात वाचलं आणि हातातली कामं बाजूला सारून लिहायला बसलो. भिंती तशाच ठेवणार आहेस ना, आजोबांच्या काळातल्या, दगडमातीच्या? मग हे पत्र जरा लांबलं तरी शेवटपर्यंत वाच.

इथून गाडीनं दीड-दोन तासांवर, डोंगरांच्या कुशीत नोर्चा नावाचं गाव आहे. वस्ती जेमतेम पाच हजार. इ.स. 480 च्या सुमारास संत बेनेडिक्टचा जन्म इथं झाला, म्हणून ख्रिस्ती जगात नाव मोठं. वरच्या पठारावर पिकणारी मसूर आणि डुकराच्या मांसाचे पदार्थ यांसाठीही ते प्रसिद्ध आहे. मला मात्र त्या गावाची ओढ लागली ती तिथल्या ठेंगण्या, दणकट घरांमुळे.

हे डोंगर म्हणजे इटलीची अपेनाइन पर्वतरांग. ती दोन्ही बाजूंनी हळूहळू ताणली जातेय, वर्षाला काही मिलिमीटर. ताण असह्य झाला की भेगेच्या एका बाजूची जमीन खाली घसरते. नोर्चा ज्या सपाट, सुपीक खोऱ्यात वसलंय ते खोरंच अशा लाखो वर्षांच्या घसरणीतून तयार झालेलं. म्हणजे ज्या मातीवर गाव जगलं ती भूकंपांनीच दिलेली. 1328, 1703, 1859, 1979 या साली गावानं मोठे हादरे सोसले. 1703 च्या जानेवारीत तर या टापूत हजारो माणसं गेली.

22 ऑगस्ट 1859 च्या भूकंपात शंभराच्या आसपास माणसं दगावली. तेव्हा हा मुलूख पोपच्या राज्यात होता. रोमहून लुईजी पोलेत्ती हा वास्तुविशारद आणि आंजेलो सेक्की हा खगोलशास्त्रज्ञ धर्मगुरू, असे दोघे पाहणीला आले. कुठलं घर पडलं, कुठलं का टिकलं, हे त्यांनी बघितलं आणि 1860 मध्ये गावाला बांधकामाचे नियम लागू झाले. दोन मजल्यांच्या वर चढायचं नाही, उंची साडेआठ मीटरच्या आत ठेवायची, भिंत पायथ्याशी रुंद घेऊन वर निमुळती करत न्यायची. आपल्याकडे 1857 चा उठाव नुकताच शमला होता, त्या काळातली ही गोष्ट! पुढे 1979 आणि 1997 च्या भूकंपांनंतर सरकारी पैशातून घरांची डागडुजी झाली, तेव्हाही भिंती एकमेकींना बांधून घेण्यावर भर राहिला.

मग आलं 2016. 24 ऑगस्टला पहाटे 3:36 ला साधारण सहा रिश्टरचा धक्का बसला. अमात्रीचे नावाचं गाव अक्षरशः भुईसपाट झालं. त्या एका पहाटे त्या टापूत जवळजवळ तीनशे माणसं गेली. तिथून हवाई अंतरानं पंचवीसेक किलोमीटरवरच्या नोर्चात एकही माणूस दगावलं नाही. अमात्रीचे हे गाव भूकंपाच्या केंद्राला जास्त जवळ होतं, हे खरं. पण 30 ऑक्टोबरच्या सकाळी 7:40 ला नोर्चाच्या उशाशीच 6.5 चा भूकंप झाला, 1980 नंतरचा इटलीतला सगळ्यात मोठा. शेजारच्या वेत्तोरे डोंगराच्या उतारावर जमीन दीड-दोन मीटर सरकली. आधीच्या धक्क्यांनी बरेच लोक बाहेर राहायला गेले होते, त्यामुळे जीव वाचले. पण रिकामी घरंसुद्धा बहुतेक उभी राहिली! तडे गेले, पण ढीग झाले नाहीत. पडली ती देवळं. उंच भिंतींच्या त्या जुन्या इमारती या नियमांच्या कितीतरी आधीच्या. संत बेनेडिक्टच्या चर्चची दर्शनी भिंत उरली, बाकीचं बहुतेक कोसळलं. चौकात संताच्या पुतळ्याभोवती गुडघे टेकून बसलेल्या माणसांचे फोटो तूही तेव्हा पाहिले असशील.

आता तुझ्या वाड्याकडे येतो. इथल्या पडलेल्या गावांत वारंवार आढळलेली एक गोष्ट मला झोपू देत नाही. विसाव्या शतकात लोकांनी लाकडी छपरं काढून जुन्या दगडी भिंतींवर काँक्रीटचे स्लॅब टाकले. घर पक्कं झालं, असं त्यांना वाटलं. 1997 मध्ये आणि नंतरही दिसलं की स्लॅब अखंडच राहिला, पण त्याच्या हिसक्यानं खालची भिंत फुटली आणि तो जसाच्या तसा खाली बसला. कारण भिंत म्हणजे दोन पदर आणि मधे मातीगोट्यांचा भराव. दोन्ही पदरांना धरून ठेवणारा आरपार दगडच नाही. हादरा बसला की भिंतीचं पोट फुगतं आणि बाहेरचा पदर सोलून पडतो.

किल्लारीच्या भिंती काय वेगळ्या होत्या? 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3:56, विसर्जन करून दमलेली गावं झोपेत होती. तू आणि मी ते सगळं पाहिलंय, आणखी लिहीत नाही.

स्लॅब मातीच्या माळवदापेक्षा हलका पडतो, हे तुझं म्हणणं मला मान्य आहे. माती उतरवतोयस ते उत्तमच. पण तुझ्या वाड्यात माळवदाचं ओझं भिंतींनी कधी उचललंच नाही, ते लाकडी खणांनी, खांब-तुळयांनी उचललं. स्लॅब टाकलास की ते सगळं थेट त्या भिंतींवर जाईल. खांब शाबूत असतील तर ते काढू नकोस, वर पत्र्याचं हलकं छप्पर घे. स्लॅबच हवा असेल तर भिंतींवर भरवसा न ठेवता त्याच्यासाठी वेगळे आरसीसी कॉलम उभे कर. आणि काहीही केलंस तरी आधी भिंती शिवून घे. ठरावीक अंतरावर आरपार भोकं पाडून सळई घालून काँक्रीट भरायचं, कोपरे बांधायचे आणि दारं-खिडक्यांच्या वरून चौफेर पट्टा फिरवायचा. किल्लारीनंतर आपल्याकडच्या अभियंत्यांनी हेच सांगितलं होतं. खर्च स्लॅबइतका होणार नाही. वहिनींना सांग, पावसाळ्यात गळणार नाही याची सोयही त्याच कामात होते.

सेंट्रिंगवाल्याला महिनाभर थांबव. मागच्या भिंतीचा गिलावा हातभर काढून आतला दगड कसा बसवलाय त्याचे फोटो पाठव, कोपऱ्याचे आणि खांबांच्या बुडाचेही. ते पाहून मी रेखाटन करून धाडतो. तालुक्याच्या गावी एखादा स्ट्रक्चरल इंजिनिअर असेल तर त्याच्याशी मीच फोनवर बोलेन. फी मी देतो, त्यावरून वाद घालू नकोस.

काकांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
प्रकाश