गरज कुणाची, औषध कुणाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पन्नाशीनंतर पुन्हा तिशीचा जोम येतो, हार्मोन वाढतात, असं सांगणाऱ्या कॅप्सूलच्या आणि पावडरच्या जाहिराती आपल्या अंकात आणि इतरही वर्तमानपत्रांत वरचेवर दिसू लागल्या आहेत. आमच्या चोपडा-यावल भागात हेच डबे ओळखीपाळखीतून, साखळी पद्धतीने घरोघर पोहोचलेत. आरोग्यसेविका म्हणून माझी उभी नोकरी याच पट्ट्यात गेली, म्हणून राहवत नाही. ज्यांना हार्मोनची खरी गरज आहे त्या बायांना ते कुणी देत नाही आणि ज्यांना गरज नाही त्यांच्याकडून त्याच नावाने पैसे उकळले जातात, हे आता कुणीतरी छापायला हवं.

आधी बायांचं. अंगावर पांढरं जातं, पाळीत जास्त जातं, कंबर धरते, एवढ्यावरून तिशी-पस्तिशीत 'पिशवी काढून टाका' असा सल्ला मिळतो. पुढे कॅन्सर होईल अशी भीती घातली की घरचे उसनवारी करून ऑपरेशनला तयार होतात. कापूस वेचायला जाणारी अशीच एक बाई उपकेंद्रात आली होती, वय चाळिशीच्या बरंच आत. "नर्सबाई, आंगनी आग आग व्हस," एवढंच पुन्हा पुन्हा सांगायची. रात्री घामाने लुगडं भिजायचं, झोप नाही, छातीत धडधड. घरच्यांनी बाहेरची बाधा धरली होती. साडीच्या दुकानाच्या पिशवीत तिने डिस्चार्ज कार्ड जपून ठेवलं होतं. सगळं इंग्रजीत. गर्भाशयासोबत दोन्ही अंडाशयंही काढल्याचं त्यात स्पष्ट लिहिलेलं. तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं, आणि खाली औषधं कोणती, तर लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या.

अंडाशयं काढली की त्यांतून मिळणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन हळूहळू कमी होत नाही, एकदम खाली येतं. आपल्याकडे बाईची पाळी सरासरी ४६-४७ च्या सुमारास जाते. त्याआधी दहा वर्षं हा आधार गेला तर हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोकाही वाढतो. म्हणूनच स्तनाच्या कॅन्सरसारखी अडचण नसेल तर अशा बाईला पाळी जाण्याच्या नेहमीच्या वयापर्यंत हार्मोन द्यावेत, हे वैद्यकशास्त्रात मान्य झालेलं आहे. गर्भाशय नसेल तर नुसतं इस्ट्रोजेन पुरतं. गर्भाशय असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन लागतंच, नाहीतर गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर होण्याचा धोका वाढतो. हे डॉक्टरांनीच ठरवायचं असतं, शेजारणीच्या गोळ्या आणून चालत नाही.

अनेक डॉक्टर हार्मोनचं नाव काढायला कचरतात, त्याचं मूळ २००२ मध्ये आहे. अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या अभ्यासातली १६,६०८ बायांवरची हार्मोनची चाचणी त्या जुलैमध्ये अर्ध्यातच थांबवावी लागली. दर दहा हजार बायांमागे वर्षाला स्तनाच्या कॅन्सरचे आठ रुग्ण जास्त निघाले, पक्षाघाताचेही आठ जास्त. खुबा मोडण्याचं प्रमाण मात्र पाचने कमी झालं. पण त्या बायांचं सरासरी वय होतं ६३. पुढे वयाप्रमाणे आकडे पाहिले तेव्हा कळलं की साठीच्या आतल्या किंवा पाळी जाऊन दहा वर्षं झाली नाहीत अशा बायांना तक्रारी तीव्र असतील, तर फायदा बहुधा धोक्यापेक्षा जास्त असतो. रक्ताची गुठळी, पक्षाघात, यकृताचा आजार झालेल्यांना किंवा अंगावरून कारण न कळता रक्त जाणाऱ्यांना हे औषध चालत नाही. आणि नुसतं म्हातारपण लांबवायला तर ते नाहीच. त्रेसष्टीच्या बाईवरच्या अभ्यासाचा धसका घेऊन छत्तिशीच्या बाईला होरपळत ठेवायचं, हा अन्याय आहे.

गरज नसताना पिशवी काढण्याविरुद्ध केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. ती तीन महिन्यांत लागू करा, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये राज्यांना बजावलंय. आपल्या धुळे, जळगाव, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत त्याचं पुढे काय झालं, हे आपल्या वार्ताहरांनी जरूर विचारावं.

आता पुरुषांचं. पुरुषाचं टेस्टोस्टेरॉन हे हार्मोन बाईच्या हार्मोनसारखं एकाएकी बंद होत नाही, तिशी-चाळिशीनंतर वर्षाला साधारण एक टक्का या गतीने उतरतं. सुटलेलं पोट, साखर, दारू आणि अपुरी झोप यांनी ते आणखी घटतं, वजन उतरलं की पुष्कळदा वरही येतं. खरोखर कमी आहे का, हे ठरवायला लक्षणं हवीत आणि सकाळच्या वेळी दोनदा रक्त तपासायला हवं. २०२३ मध्ये अशाच, खरोखर कमतरता असलेल्या आणि हृदयविकार किंवा त्याचा धोका असलेल्या पाच हजारांवर पुरुषांवरचा टेस्टोस्टेरॉनचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. हृदयविकाराच्या झटक्याचं प्रमाण वाढलं नाही, पण हृदयाचे ठोके अनियमित होणं आणि फुप्फुसात गुठळी जाणं हे औषध घेणाऱ्यांत जास्त दिसलं. जिममधल्या पोरांनाही कुणीतरी सांगा: बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं आणि शुक्राणू घटतात. घरात पाळणा हलण्याची वाट पाहणाऱ्या जोडप्यांचा हा प्रश्न आहे.

आणि त्या डब्यांत असतं काय? एक डबा मी उलटा करून पाहिला. मागे बारीक अक्षरांत लिहिलंय: आहारपूरक, औषधी वापरासाठी नाही. अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे आहारपूरकात हार्मोन किंवा स्टेरॉईड घालायला बंदी आहे. म्हणजे डबा कायद्याप्रमाणे असेल तर त्यात हार्मोन नाही, आणि हार्मोन असेल तर तो डबाच बेकायदा. अमेरिकेत उघड विकलं जाणारं डीएचईए नावाचं हार्मोन दोन वर्षं वयस्कर माणसांना देऊन पाहिलं गेलं, २००६ मध्ये निकाल आला. ताकद वाढली नाही की जगणं सुधारलं नाही. ड जीवनसत्त्वाच्या साठ हजार युनिटच्या पुड्याही लोक तपासणी न करता दर आठवड्याला वर्षानुवर्षं घेतात; त्याने रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

हाडांसाठी आपल्या भागात काय कमी आहे? धडगाव-अक्कलकुव्याच्या नागलीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. कळण्याच्या भाकरीत उडदाची प्रथिनं आहेत. पण घरात शेवटी जेवणाऱ्या बाईच्या ताटात वरण उरत नाही, तिथे डब्याचा काय उपयोग?

संपादक महोदय, १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा लैंगिक शक्ती वाढवण्याचा किंवा पाळीच्या तक्रारी बऱ्या करण्याचा दावा करणाऱ्या औषधी जाहिराती छापण्यात भाग घ्यायलाही मनाई करतो. असल्या जाहिराती आपण घेऊ नयेत, ही कळकळीची विनंती. त्या जागेत धुळे, जळगाव, नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना लिहायला सांगा. आणि ज्यांची पिशवी काढली आहे त्या बायांनी आपलं डिस्चार्ज कार्ड शिकलेल्या पोरीकडून वाचून घ्यावं. अंडाशयं काढल्याचं त्यात असेल आणि वय पंचेचाळिशीच्या आत असेल, तर कार्ड घेऊन सरकारी दवाखान्याच्या स्त्रीरोग विभागात जावं आणि हार्मोनबद्दल स्वतःहून विचारावं.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका
ता. चोपडा, जि. जळगाव