कोयत्याची मूठ बदला, पाते राखा

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मांगरात किंवा माळ्यावर गंजत पडलेला आजोबांच्या वेळचा कोयता काढून तो नव्याने सजवण्याचा छंद आमच्या भागातील काही तरुणांना लागला आहे. मलाही तो आहे आणि त्याचा मला मनापासून आनंद वाटतो. मात्र हातात ग्राइंडर आला की पहिला घाव पात्यावरच पडतो, हे पाहून हे पत्र लिहीत आहे.

गावच्या लोहाराने घडवलेल्या काही कोयत्यांचे पाते ट्रकच्या जुन्या स्प्रिंगच्या पाट्याचे असते, तर त्याहून जुन्या काही कोयत्यांत अंग मऊ लोखंडाचे असून धारेपुरती पोलादाची पट्टी भट्टीत जोडलेली असते. पाते स्वच्छ करून थोडा वेळ माडाच्या विनेगरात ठेवले की हे डोळ्यांना दिसते: धारेकडचे पोलाद काळवंडते, वरचे लोखंड फिकट राहते आणि दोहोंच्या मधून एक वेडीवाकडी रेषा उमटते. ती पट्टी घासून संपवली, तर उरलेले पाते कितीही चकचकीत दिसले तरी माडाच्या झावळीवर दोन घाव घालताच त्याची धार मुडपते.

उष्णतेचा धोकाही तेवढाच मोठा आहे. लोहार धारेला पाणी देतो, म्हणजे ती लाल तापवून विझवतो आणि पुन्हा बेताची ऊब देऊन तिचा ठिसूळपणा काढतो. ग्राइंडरखाली धार आधी पिवळसर आणि मग निळी पडली, की तेथील तापमान 300 अंश सेल्सिअसच्या आसपास गेले असे समजावे. तेवढ्या जागेचे पाणी बहुधा उतरलेले असते आणि निळा रंग घासून काढल्याने ते परत येत नाही. म्हणून वेळ लागला तरी कानस आणि निसणा (धार लावायचा दगड) हीच साधने बरी.

गंज काढण्यासाठी महागडी रसायने आणण्याची गरज नाही. परसातल्या बिंबलांच्या, म्हणजे त्या आंबट फळांच्या, रसात ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असते आणि ते गंज सोडवते. त्यानंतर पाते खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच पुसावे आणि तेलाचा हात द्यावा, कारण आपल्या खाऱ्या, दमट हवेत उघडे पोलाद पाहता पाहता तांबूस होते. खोबरेल मात्र लावू नये, ते खवट होऊन चिकटते. शिलाई यंत्राचे तेल चांगले.

हौस पुरवायची ती मुठीत पुरवावी. चिंचेचे किंवा शिसवीचे लाकूड आपल्या पंजाच्या मापाने तासावे, मुठीचे टोक किंचित खाली वळते ठेवावे म्हणजे घामेजल्या हातातूनही ती निसटत नाही, तांब्याचे रिव्हेट ठोकावेत आणि जवसाचे तेल मुरवावे. या तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून टाकू नयेत. त्या आपोआप तापून पेट घेतात, तेव्हा उघड्यावर पसरून वाळवाव्यात.

पाठीला करवतीसारखे दात पाडणे किंवा दुसऱ्या बाजूलाही धार काढणे मला सर्वथा अमान्य आहे. दातांच्या खाचांतून पाते तडकते, हे एक. दुसरे असे की 1959 च्या शस्त्र कायद्याने निव्वळ घरकाम व शेतीसाठी बनवलेल्या वस्तूंना शस्त्राच्या व्याख्येतून वगळले आहे. शस्त्राचे रूप दिलेला कोयता या सवलतीत बसेल असे कोणी गृहीत धरू नये. पुण्यातील कोयता गँगच्या बातम्यांनी कुळागरातल्या, म्हणजे माड-पोफळीच्या बागेतल्या, या अवजाराची आधीच पुरेशी बदनामी केली आहे.

खंडेनवमीला घरोघरी अवजारे घासूनपुसून पुजली जातात. त्याआधी आपल्या पुरवणीत एखाद्या जाणत्या लोहाराशी बोलून पाणी देण्याची आणि धार लावण्याची रीत छायाचित्रांसह छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सावईवेरे, फोंडा