सियाझच्या मालकांना सुट्या भागांची हमी मिळावी

मा. संपादक यांस,

स.न.वि.वि.

मारुती सुझुकीची सियाझ ही मध्यम आकाराची सेडान एप्रिल 2025 मध्ये बंद झाली, तेव्हा ग्राहकांचा ओढा एसयूव्हीकडे गेल्याचे कारण बहुतेकांनी पुढे केले. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. सियाझ मागे पडली याला तिच्याकडे झालेले दुर्लक्षही तितकेच कारणीभूत होते, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या दुर्लक्षाची झळ आज ही गाडी वापरणाऱ्यांना किंवा जुन्या बाजारातून घेऊ पाहणाऱ्यांना बसू नये, म्हणून हे पत्र.

1999 ची बलेनो सेडान आणि 2007 ची एसएक्स4 या दोन प्रयत्नांनंतरही मारुतीला या वर्गात होंडा सिटीसमोर भक्कमपणे उभे राहता आले नव्हते. ऑक्टोबर 2014 मध्ये आलेल्या सियाझने ते करून दाखवले. दिल्लीतील एक्स-शोरूम किंमत 6.99 लाख रुपयांपासून 9.80 लाखांपर्यंत ठेवून कंपनीने थेट सिटीच्या ग्राहकाला साद घातली. गाडीची लांबी 4,490 मिलिमीटर आणि पुढच्या-मागच्या चाकांमधील अंतर 2,650 मिलिमीटर, म्हणजे त्या वेळच्या सिटीपेक्षा 50 मिलिमीटर जास्त. मागच्या आसनावर बसणाऱ्याला पाय पसरायला मिळणारी जागा या अंतरामुळेच होती आणि वयस्कर माणसे असलेल्या घरांनी ही गाडी निवडण्यामागे तेच मोठे कारण होते. डिकी 510 लिटरची, जमिनीपासून उंची 170 मिलिमीटर. खराब रस्त्यांवर सेडान चालत नाही, असे म्हणणाऱ्यांनी हा शेवटचा आकडा जरूर लक्षात घ्यावा.

सुरुवातीला 1.4 लिटरचे पेट्रोल आणि फियाटच्या तंत्रज्ञानावर आधारित 1.3 लिटरचे डिझेल अशी दोन इंजिने होती. 2015 मध्ये डिझेलला एसएचव्हीएस ही सौम्य हायब्रिड, म्हणजे इंजिनाला बॅटरी व छोट्या विद्युत मोटरची मदत देणारी, यंत्रणा जोडली गेली आणि कंपनीने जाहीर केलेले मायलेज प्रतिलिटर 28.09 किलोमीटरवर पोहोचले. प्रत्यक्ष रस्त्यावर एवढे मिळत नाही हे खरे असले, तरी एवढ्या ऐसपैस गाडीने इंधनाची इतकी बचत करावी, ही अभियांत्रिकी म्हणून मोठी गोष्ट होती. ऑगस्ट 2018 मध्ये 1,462 घनसेंटिमीटरचे, 105 पीएस (अश्वशक्तीचे एकक) शक्तीचे पेट्रोल इंजिन आले आणि त्यासोबत हायब्रिड यंत्रणेची लिथियम-आयन बॅटरीही आली.

खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. हेच 1.5 लिटरचे पेट्रोल इंजिन अर्टिगा आणि ब्रेझा या गाड्यांमध्येही बसवले गेले. 2022 मध्ये त्या दोघींना त्याची सुधारित आवृत्ती आणि सहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मिळाला, सियाझला मात्र शेवटपर्यंत जुने इंजिन आणि चार गिअरचा ऑटोमॅटिक यांवरच भागवावे लागले. 2023 मध्ये इलेक्ट्रॉनिक स्थिरता नियंत्रण (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) सर्व प्रकारांत दिले गेले, हे स्वागतार्ह होते. पण प्रतिस्पर्धी सहा एअरबॅग देत असताना सियाझ दोन एअरबॅगवरच थांबली. शेवटी तिची किंमत साधारण 9.4 लाखांपासून 12.3 लाखांपर्यंत होती आणि तेवढ्या पैशांत ग्राहकाला इतरत्र नवे काही मिळत होते. करांचा मुद्दाही अनेकदा मांडला जातो. चार मीटरपेक्षा लहान आणि 1,200 घनसेंटिमीटरपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर उपकरासह 29 टक्के जीएसटी होता आणि सियाझवर 45 टक्के, हे खरेच, पण 1.5 लिटरच्या पेट्रोल ब्रेझावरही 45 टक्केच होता आणि ती जोमाने विकली गेली. त्यामुळे सारा दोष करांवर टाकता येत नाही.

आता राहतो तो लाखो मालकांचा प्रश्न, कारण सियाझची विक्री तीन लाखांच्या पुढे गेलेली आहे. 1.3 लिटरचे डिझेल इंजिन स्विफ्ट आणि डिझायरसह अनेक गाड्यांत असल्यामुळे त्याचे भाग मिळण्याची फारशी चिंता नाही. 1.5 लिटरच्या पेट्रोलचेही तसेच. परंतु 2019 मध्ये आलेले 95 पीएसचे 1.5 लिटर डिझेल इंजिन केवळ सियाझ आणि अर्टिगात, तेही बीएस-6 हे धूर-प्रदूषणाचे कडक नियम लागू होईपर्यंत, म्हणजे जेमतेम वर्षभर दिले गेले. उत्तम पिकअप असलेले हे इंजिन जुन्या बाजारात आकर्षक वाटते. पण इतक्या थोड्या काळात तयार झालेल्या इंजिनाचे खास भाग दहा वर्षांनी सहज मिळतील, असे गृहीत धरणे धाडसाचे ठरेल. लिथियम-आयन बॅटरी आणि हायब्रिड यंत्रणेचा स्टार्टर-जनरेटर (इंजिन सुरू करणारा व वीज तयार करणारा भाग) हे भागही नेहमीच्या गॅरेजमध्ये जुळवाजुळव करून चालवण्यासारखे नाहीत. दारे, दिवे, बंपर आणि काचा तर सियाझच्याच लागतात. दुसऱ्या कोणत्याही मॉडेलच्या चालत नाहीत.

म्हणून कंपनीने सियाझच्या प्रत्येक इंजिनासाठी आणि बाह्य भागांसाठी पुरवठा कोणत्या वर्षापर्यंत चालू राहील, हे लेखी जाहीर करावे, अशी माझी मागणी आहे. लिथियम बॅटरीची किंमत आणि ती बदलून देणारी सेवा केंद्रे यांची माहितीही सर्वांसाठी खुली असावी. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने तर कोणतेही मॉडेल बंद करताना अशी घोषणा करणे सर्वच उत्पादकांवर बंधनकारक करावे. जुनी सियाझ घेऊ इच्छिणाऱ्यांनी तोवर निदान गाडीचे वर्ष, इंजिनाचा प्रकार आणि बॅटरीची स्थिती अधिकृत सेवा केंद्रातून तपासून घेतल्याशिवाय व्यवहार करू नये.

आपला,
एक सियाझधारक वाचक