सनटूरच्या दोन खाचांसाठी पाना घडवून देणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

नाव छापायचे नाही, या अटीवर आपण हे पत्र जाहीर करण्यास होकार दिलात. म्हणून वाचकांना एवढेच सांगते की, नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या टूलरूममध्ये आपली सारी नोकरी झाली आणि सिडकोतील आपल्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आजही एक लहान लेथ, बाकावरचा भक्कम व्हाइस आणि तेलाच्या फडक्यांत गुंडाळून ठेवलेली मोजमापाची साधने आहेत. घरी येऊन आभार मानले असते, तर आपण चहाचा कप पुढे करून विषय बदलला असता. शिवाय माळ्यावरच्या जुन्या गिअरच्या सायकली खाली उतरवून पुन्हा रस्त्यावर आणू पाहणारी मंडळी आपल्या गावात थोडीथोडकी नाहीत, आणि मला आलेली अडचण, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांचा संच (फ्रीव्हील) उतरवायला नेमका पानाच न मिळण्याची, त्यांच्यापैकी पुष्कळांना येणार आहे. तेव्हा आपण काय केलेत, ते नीट लिहून ठेवणे हाच आभार मानण्याचा बरा मार्ग मला वाटला.

सायकल माझ्या मामांची. इंग्लंडमध्ये असताना 1970 च्या दशकात त्यांनी घेतलेली ही दहा गिअरची रॅले परतताना ते बरोबर घेऊन आले आणि त्र्यंबकेश्वरच्या रस्त्यावर त्यांनी ती वर्षानुवर्षे दामटली. माझ्याकडे ती आली तेव्हा मागच्या चाकाचे उजवीकडचे दोन आरे तुटलेले होते. अशा सायकलीत मागच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, उजव्या बाजूला पाच दातेरी चक्रांना जागा करून द्यायची असते, त्यामुळे हबची उजवी कड चाकाच्या मध्याकडे सरकलेली असते; त्या बाजूचे आरे अधिक उभे राहतात, डावीकडच्यांपेक्षा अधिक ताणले जातात आणि बहुधा तेच तुटतात. नवा आरा हबच्या कडेला असलेल्या भोकातून ओवावा म्हटले, तर नेमके सर्वांत मोठे चक्र आड येते. थोडक्यात, एक साधा आरा बसवायचा तरी आधी अख्खी फ्रीव्हील उतरवणे भाग होते.

गावातील दुकानांत मला मिळालेले सल्ले आपण ऐकलेच आहेत, आणि कोणत्या दुकानदाराने काय सांगितले याची उजळणी इथे करण्यात हशील नाही. एकाच्या मते सगळे आरे कापून टाकून नवा हब बसवणे सोपे होते. दुसऱ्याने फ्रीव्हीलच्या मध्यभागी पाना अडकवण्यासाठी असलेल्या दोन खाचांपैकी एकीत छिन्नी तिरपी धरून हातोड्याचे घाव घालण्याची तयारी दाखवली. खाचांच्या कडांवर असे घाव पूर्वीही कोणीतरी घातल्याच्या खुणा होत्याच. दुकानांतून जो पाना सर्रास मिळतो, तो शिमानोच्या बारीक दात्यांच्या फ्रीव्हीलचा. एका गिअरच्या सायकलींसाठी चार खाचांचाही एक मिळतो. आमच्या फ्रीव्हीलला यांतला कोणताच बसत नव्हता.

आपल्याकडे चाक घेऊन आले तेव्हा आपण पान्याला हातच लावला नाहीत. आधी दाताच्या जुन्या ब्रशने आणि रॉकेलने मधला भाग स्वच्छ केलात, भिंग घेतलेत आणि कडेवरची कोरलेली अक्षरे वाचलीत: सनटूर परफेक्ट. सायकल इंग्लंडची आणि फ्रीव्हील जपानची, याचे मला नवल वाटले, पण त्या दशकात सनटूरचा माल युरोप-अमेरिकेतील सायकलींवर पुष्कळ जात असे. मग आपण बारीक मापे घेणारा व्हर्निअर काढलात आणि दोन खाचांमधले अंतर, खाचेची रुंदी, तिची खोली आणि आसाच्या लॉकनटचा बाहेरचा व्यास, अशी सगळी मापे एका कागदावर आकृतीसह मांडलीत. इटलीच्या रेजिना फ्रीव्हीललाही दोनच खाचा असतात आणि तिचा पाना वरवर पाहता सनटूरच्या पान्यासारखाच दिसतो, पण मापात फरक असल्याने तो खाचेत सैल बसतो, आणि सैल बसलेला पाना जोर लावताच उसळून वर येतो व येताना खाचेची कड घेऊन जातो, हे आपण मला त्या आकृतीवर बोट ठेवून समजावलेत. फ्रान्सच्या अ‍ॅटम फ्रीव्हीलचा आतला भाग तर वीस दात्यांचा. तिला हे दोन्ही पाने निरुपयोगी. तेव्हा 'जुन्या फ्रीव्हीलचा पाना' असे दुकानात मागणे म्हणजे काहीच न मागणे होय. मेकचे नाव आणि खाचांची संख्या यांच्याशिवाय त्या मागणीला अर्थ नाही.

दोन खाचांची ही रचना मुळातच कच्ची आहे, असे माझे आता ठाम मत झाले आहे. सारा जोर दोन अरुंद कडांवर येतो, आणि पाना जरा तिरपा झाला की त्यातली एकच कड उरते. सनटूरनेच पुढे विनर मालिकेत चार खाचा दिल्या, आणि शिमानोच्या दात्यांची पद्धत तर याहून किती तरी सरस. परंतु पन्नास वर्षांपूर्वीच्या कारखान्याशी भांडून उपयोग नव्हता. त्या दोन खाचांना जराही न हलता बसेल, असा पाना हवा होता.

या मापाचा तयार पाना परदेशातून मागवता येतो, हेही आपणच सांगितलेत. तो मागवायला मी निघालेही होते. मात्र या फ्रीव्हीलच्या खाचा आधीच्या घावांनी थोड्या दबल्या असल्याने बाजारातला पाना इथे कितपत धरेल, याविषयी आपल्याला शंका होती, आणि नंतर विचार करता मला वाटते की त्या शंकेमागे टूलरूमच्या माणसाची थोडी हौसही असावी. आपण ईएन 24 जातीच्या पोलादाचा एक तुकडा शोधून काढलात, लेथवर तो उतरवलात, लॉकनट आत सहज जाईल एवढे भोक पाडलेत आणि पुढची दोन बोटे एका स्नेह्यांच्या वर्कशॉपमध्ये मिलिंगवर काढून घेतलीत. मागच्या टोकाला व्हाइसच्या जबड्यात पक्के बसतील असे सपाट पैलू ठेवलेत. बोटांचे कोपरे आपण मुद्दाम गोल केले नाहीत. स्वस्त पान्यांत तेच गोल असतात आणि म्हणून ते खाचेच्या तळापर्यंत पोचत नाहीत, हे मला तोवर कधी सुचलेही नव्हते. मग त्याला पाणी दिलेत, म्हणजे तापवून तेलात बुडवलात, आणि पुन्हा बेताने तापवून टेंपर केलात, कारण नुसते कडक केलेले पोलाद ऐन जोराच्या क्षणी तडकते. खाचांतली उठलेली बुरी आपण सुईएवढ्या कानशीने काढलीत, तीही इतक्या संयमाने की मूळ धातूला जवळपास धक्का लागला नाही.

फ्रीव्हील एवढी घट्ट का बसते, याचा हिशेब आपण शेडच्या दारावर खडूने मांडलात, तो मी उतरवून घेतला आहे. तिचा आटा उजवा असतो आणि साखळी तिला त्याच दिशेने ओढते. म्हणजे सायकल चालवणारा प्रत्येक पायडलागणिक ती आवळतच असतो. साठ किलोचा माणूस चढावर 17 सेंटिमीटरच्या क्रँकवर (पायडल ज्याला लागते त्या दांड्यावर) उभा राहिला, तर क्रँकवर सुमारे 10 किलोग्रॅम-मीटर पीळ येतो. पुढच्या चक्राला 40 आणि मागच्याला 28 दात असतील, तर त्यातला 7 किलोग्रॅम-मीटर फ्रीव्हीलच्या आट्यावर पडतो. मामांनी त्र्यंबकच्या वाटेवर जे चढ काढले, त्या सगळ्यांचा हा आवळा, आणि त्यावर इतक्या वर्षांचा गंज. तीस सेंटिमीटरच्या पान्याने तो सोडवायचा, तर गंज हिशेबात न धरताही एका हाताने 24 किलोचा जोर हवा, आणि एकाच बाजूने लावलेला तो जोर पान्याला खाचेतून उपटायलाच बघतो. म्हणून आपण पाना फिरवायचा नाही, चाक फिरवायचे, असे ठरवलेत. पाना व्हाइसमध्ये उभा धरला आणि चाक त्यावर आडवे ठेवले, की रिम हेच हँडल होते. समोरासमोर धरलेल्या दोन हातांना प्रत्येकी 12 किलोच्या आतला जोर पुरतो आणि दोन्हीकडचा जोर सारखा असल्यामुळे पाना कुठेच कलत नाही.

त्याआधी आपण चाक फ्रीव्हीलची बाजू खाली करून रात्रभर ठेवायला सांगितलेत आणि हब व फ्रीव्हील यांच्या सांध्यात आऱ्यांच्या मधून पातळ तेल सोडलेत, म्हणजे ते आपल्या वजनाने आट्यांत उतरेल. गॅसची बत्ती मात्र आपण ठामपणे नाकारलीत, कारण हब अ‍ॅल्युमिनिअमचा होता आणि आतल्या बेअरिंगचे ग्रीस जळले असते. दुसऱ्या दिवशी पाना आसावरून सरकवून खाचांत बसवला, त्यावर वॉशर आणि चाकाचाच नट आवळून तो जागेवर बांधून टाकला, आणि मगच चाक व्हाइसवर चढवले. या नटाविषयी मी वाचकांना आवर्जून सांगते. पाना खाचेतून निसटू न देण्याचे काम तोच करतो, आणि फ्रीव्हीलने पहिली हालचाल केली की लगेच तो सैल करावा लागतो. नाही तर बाहेर येऊ पाहणारी फ्रीव्हील त्याच नटावर दाबली जाते आणि आसाचे आटे खराब होतात.

वरून पाहिले असता चाक बरणीचे झाकण उघडतो त्याच दिशेने फिरवायचे होते. आपण मला रिम धरायला लावलेत आणि स्वतः समोरून धरलीत. झटका द्यायचा नाही, जोर हळूहळू चढवत न्यायचा, असे बजावलेत. एक कोरडा आवाज होऊन चाक बोटभर सरकले, तेव्हा आरा तुटला असे समजून मी हात सोडले. आपण मात्र शांतपणे नट अर्धा फेरा सैल केलात आणि पुन्हा धरायला सांगितलेत. त्यानंतर फ्रीव्हील हाताने फिरत बाहेर आली. खाचा शाबूत होत्या आणि पान्याच्या बोटांवर साधा ओरखडाही नव्हता.

हे जमले नसते तर काय, हेही आपण आधीच सांगून ठेवले होते. फ्रीव्हीलच्या तोंडावरची गोल चकती उलट्या आट्याची असते, ती उजवीकडे फिरवून काढली की आतले बारीक छर्रे आणि कुत्री (चक्र एकाच दिशेने अडवणारे छोटे खटके) बाहेर येतात, दातेरी चक्रांचा सांगाडा निघतो आणि उरलेला गाभा थेट व्हाइसमध्ये धरून चाक फिरवता येते. त्यात फ्रीव्हील बहुधा कामातून जाते, म्हणून तो उपाय शेवटचा. आणि सगळे आरे कापण्याचा सल्ला याहून वाईट का, हेही तेव्हाच उमगले: आरे गेले की रिमचे हँडलही गेले, आणि फ्रीव्हील अडकलेला सुटा हब कशाने धरणार?

पुढचे काम वेगाने झाले. आपण हबच्या आट्यांवर पिच गेज (आट्यांमधले अंतर मोजणारी पट्टी) लावून एका इंचात 24 आटे असल्याची खात्री केलीत. इंग्लिश हबचा व्यास 1.37 इंच, म्हणजे सुमारे 34.8 मिलिमीटर, फ्रेंच हबचा 34.7 आणि आटा एक मिलिमीटरचा. फरक इतका थोडा की चुकीची फ्रीव्हील एकदोन फेरे चढतेही आणि मग अ‍ॅल्युमिनिअमचे आटे कापत जाते. उजवीकडचे नवे आरे बसले, चाक सरळ झाले, आट्यांना ग्रीस लावून फ्रीव्हील आधी किंचित उलटी फिरवून मग नुसत्या हाताने चढवली. आवळण्याचे काम पायडलवर सोडून दिले.

काका, आपण मजुरी तर घेतली नाहीतच, पोलादाचे पैसेही घेतले नाहीत. पाना माझ्याकडे ठेवण्याचा आग्रह केलात, तो मी मानला आहे, पण माझी समजूत अशी आहे की तो आपण मला सांभाळायला दिला आहे. नाशिकमध्ये कोणाच्या सायकलीवर दोन खाचांची सनटूर असेल, तर त्यांनी तो माझ्याकडून खुशाल न्यावा. मात्र नेण्याआधी फ्रीव्हीलवरचे नाव वाचून आणि खाचांचे माप घेऊन यावे, ही आपली अट मी त्यांच्यापुढे ठेवणार आहे. पंचवटीतील एका सायकलस्वार बाईंकडे चार खाचांची सनटूर विनर अडकून बसली आहे. तिच्या खाचांची मापे मी आपल्या पद्धतीने आकृती काढून घेतली आहेत आणि येत्या रविवारी ती घेऊन आपल्याकडे येत आहे. या वेळी पोलादाचा तुकडा आम्ही बरोबर आणू. तो कोणत्या जातीचा व किती व्यासाचा हवा, तेवढे आधी कळवावे.

आपली कृतज्ञ,
रॅलेवाली भाची